मुलाचा आयक्यू रिपोर्ट हातात आल्यावर: तो कसा वाचायचा आणि कुठे थांबायचं

निफाडकडचे एक वडील मुलाची फाइल घेऊन माझ्यासमोर बसले होते. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीतला. फाइलच्या शेवटच्या पानावर पेनाने गोल केलेला आकडा होता, ९९. "मॅडम, शंभरात नव्याण्णव आलेत. मग वर्गात हा लिहीत का नाही?" त्यानंतर थोड्याच दिवसांनी कॉलेज रोडवरच्या एक ताई आपल्या मुलीचा रिपोर्ट घेऊन आल्या. तिथेही ९९. ताईंचे डोळे मात्र भरलेले, कारण त्यांच्या भाचीचा आयक्यू १२४ आला होता आणि घरात त्यावर बोलणं झालं होतं.

दोघांनीही आकडा चुकीचा वाचला होता. त्यात त्यांचा काही दोष नाही. रिपोर्ट इंग्रजीत असतो, दहा-बारा मिनिटांत समजावला जातो आणि घरी येईपर्यंत डोक्यात फक्त एक संख्या उरते. मी नाशिकमधल्या शाळांत समुपदेशक म्हणून काम करते. चाचण्या मी घेत नाही, पण पालकांसोबत बसून रिपोर्ट वाचण्याचं काम वर्षानुवर्षं करते आहे. त्यातून जे सांगावंसं वाटतं ते इथे क्रमाने लिहिते. निफाडच्या त्या मुलाचाच रिपोर्ट उदाहरणाला घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आधी प्रश्न लिहा

टेस्टिंगची अपॉइंटमेंट घेण्यापूर्वी एका कागदावर लिहा की तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय. "मुलगा हुशार आहे का" हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण त्याचं काहीही उत्तर आलं तरी उद्या सकाळी तुम्ही वेगळं काय करणार? "तोंडी सगळं सांगतो, पण फळ्यावरचं उतरवून घेत नाही, असं का" हा खरा प्रश्न. "वाचताना जोडाक्षरांवर अडतो, सरकारी प्रमाणपत्र लागेल का", "दुसरीची पुस्तकंही झेपत नाहीत, तिला कुठल्या प्रकारची मदत द्यायची" हेही खरे प्रश्न. प्रश्न असा मांडला की चाचणी घेणाऱ्यालाही कळतं, नुसती बुद्धिमत्तेची चाचणी पुरेल की वाचन-लेखनाची, लक्ष टिकण्याची किंवा वागणुकीची तपासणीही जोडावी लागेल.

लिहायला घेतल्यावर प्रश्नच सापडला नाही, तर चाचणी करू नका. शेजारच्यांनी केली म्हणून किंवा सुट्टीत वेळ आहे म्हणून केलेल्या चाचणीतून हाती फक्त आकडा येतो आणि तो आकडा घरातल्या भावंडांमध्ये कायमचा येऊन बसतो.

प्रवेशासाठी आकडा मागितला जात असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ मधल्या कलम १३ नुसार प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घेऊन चाळणी लावता येत नाही.

डोळे आणि कान तपासल्याशिवाय टेस्टिंगला जाऊ नका. चष्मा लागलेला आहे हे कुणालाच माहीत नाही आणि मुलाला "आकृत्या जुळवता येत नाहीत" असा शेरा मिळाला, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

नावात सारखेपणा, कामात नाही

आपल्याकडे स्कॉलरशिप परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात "बुद्धिमत्ता चाचणी" नावाचा विषय असतो, ५० प्रश्न आणि १०० गुणांचा. त्यामुळे अनेक घरांत समज असा की तिथे ८० पडले म्हणजे आयक्यू चांगला. तो विषय सरावाने सुधारतो, त्याचे क्लास चालतात आणि ते योग्यच आहे, कारण ती परीक्षाच आहे. मानसशास्त्रीय चाचणी एकट्या मुलासोबत, समोरासमोर बसून, ठरलेल्या सूचनांनुसार तास-दीड तास घेतली जाते आणि तिचा सराव केला तर निकाल निकामी होतो. म्हणून त्यातले प्रश्न मुलाला आधी विचारू नका, इंटरनेटवर शोधूही नका.

मोबाइलवर वीस मिनिटांत निघणाऱ्या आयक्यूला काही अर्थ नाही. बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगणारी डीएमआयटी तर त्याहून वाईट. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने तिला शास्त्रीय आधार नसल्याचं जाहीर केलेलं आहे. तरीही प्रदर्शनांत आणि शाळांच्या कार्यक्रमांत त्यांचे स्टॉल लागतात. त्या रंगीत पुस्तिकेतले टक्के बघून मुलाची शाखा ठरवणारे पालक भेटतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

कुणाकडे, कोणती, कोणत्या भाषेत

चाचणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून करून घ्या आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते विचारा. हे विचारण्यात संकोच नको, रिपोर्टवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. खर्च परवडत नसेल किंवा प्रमाणपत्र लागणार असेल तर खासगी दवाखान्याआधी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेमार्फतच मिळतं, खासगी रिपोर्ट त्याची जागा घेऊ शकत नाही.

मग चाचणीचं नाव विचारा. आपल्या भागात साधारण तीन नावं ऐकू येतात. बिने-कामत ही जुनी. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये जी चाचणी बनवली, तिचं व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूपांतर केलं. दुसरी मालिन यांची, जिला सगळे "मिसिक" म्हणतात. ती नागपूरला तयार झाली, १९६९ साली. तिसरी विस्क, म्हणजे डेव्हिड वेक्सलर यांची मुलांसाठीची चाचणी, जिच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि भारतीय मुलांवर बेतलेली आवृत्तीही आहे. लहान किंवा न बोलणाऱ्या मुलांसाठी लाकडी आकारांचा सेगुइन फॉर्म बोर्ड किंवा रेव्हनच्या रंगीत आकृत्या वापरतात.

वर्षं मुद्दाम लिहिली. आयक्यू म्हणजे मुलाची त्याच्याच वयाच्या इतर मुलांशी तुलना, आणि ती इतर मुलं म्हणजे चाचणी बनवताना ज्यांना तपासलं ती. मिसिकच्या मूळ मानकांशी आज मोजलं तर नऊ वर्षांच्या मुलाची तुलना त्याच्या आजोबांच्या पिढीतल्या मुलांशी होते. जेम्स फ्लिन या अभ्यासकाने दाखवून दिलं की विसाव्या शतकात अनेक देशांत पिढीगणिक गुण वाढत गेले, काही ठिकाणी दशकाला साधारण तीनच्या वेगाने. म्हणून जुन्या मानकांवर आकडा फुगलेला येऊ शकतो. गेल्या वर्षी एका चाचणीत ११२ आणि यंदा दुसरीत ९८ आले, तर मुलगी मागे पडली असं समजू नका. मापच बदललेलं असतं.

भाषेचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो. कळवण-बागलाणकडे घरात अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि शहरात आल्यावर इंग्रजी माध्यम, असा प्रवास कित्येक मुलांचा असतो. अशा मुलीला इंग्रजीत शब्दांचे अर्थ विचारले तर तिची इंग्रजी मोजली जाते, बुद्धी नाही. ती कोणत्या भाषेत विचार करते, रागावली की कोणत्या भाषेत बोलते, हे चाचणी घेणाऱ्याला आधीच सांगा. शाब्दिक भागासोबत बिनशाब्दिक भागही घ्या असा आग्रह धरा, आणि चाचणी कोणत्या भाषेत झाली ते रिपोर्टमध्ये लिहून मागा.

चाचणीचा दिवस

सकाळची वेळ मागा. इगतपुरीहून किंवा सटाण्याहून येणार असाल तर मुलाला उतरल्या उतरल्या खुर्चीत बसवू नका. त्याला पोटभर खाऊ द्या, पाणी पिऊ द्या, आधी जरा खेळू द्या. ताप असेल, रात्री झोप झाली नसेल, फिटचं किंवा अन्य कुठलं औषध सुरू झालं वा बदललं असेल, तर फोन करून तारीख पुढे ढकला. त्याला "परीक्षा आहे" असं सांगू नका. "एक ताई तुझ्याशी काही कोडी, काही गप्पा करणार आहेत, काही सोपं असेल, काही कुणालाच येणार नाही इतकं अवघड असेल" एवढं पुरतं आणि ते खरंही आहे, कारण मूल अडेपर्यंत प्रश्न अवघड होत जातात.

बाहेर आल्यावर "काय काय विचारलं" हा पहिला प्रश्न नको.

रिपोर्ट कसा वाचायचा

शेवटचं पान बंद ठेवा. पहिल्यांदा "वर्तन निरीक्षण" हा परिच्छेद काढा. मूल किती सहज बसलं, कशावर कंटाळलं, चुकल्यावर काय केलं, घाईत उत्तरं दिली का, हे तिथे असतं. निफाडच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की पेन्सिलीचं काम आलं की तो हात झटकायचा आणि सूचना दोनदा विचारायचा. त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका ओळीत होतं.

आता आकडे. आयक्यूला शंभर ही मर्यादा नसते. शंभर म्हणजे त्या वयाच्या मुलांचा बरोबर मध्य. पूर्वी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून शंभरने गुणायचे. आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय दहा आलं तर १२५. बिने-कामतमध्ये अजून हीच पद्धत दिसते. वेक्सलरच्या चाचण्यांत असा भागाकार नसतो. तिथे मध्य १०० आणि पसारा १५ चा धरतात. त्यामुळे दर शंभर मुलांपैकी साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात, ९५ मुलं ७० ते १३० मध्ये, आणि १३० च्या वर दोनच्या आसपास. ९९ म्हणजे अगदी मधल्या घोळक्यातलं मूल. निफाडच्या भाऊंचा आनंद आणि कॉलेज रोडच्या ताईंचं दुःख, दोन्हींची गरज नव्हती.

मानसिक वय लिहिलेलं असेल तर एक जपायला हवं. "मानसिक वय सहा" याचा अर्थ नऊ वर्षांची मुलगी सहा वर्षांसारखी आहे असा होत नाही. त्या चाचणीतले तिला जमलेले प्रश्न सरासरी सहा वर्षांच्या मुलाइतके, एवढाच अर्थ. तिचे नऊ वर्षांचे अनुभव, लाज, हट्ट, मैत्रिणी सगळं तिच्याजवळ आहेच. तिच्याशी बोबडं बोलायला लागू नका.

आकड्याशेजारी पर्सेंटाइल असतं. सीईटीमुळे हा शब्द आपल्याला परिचयाचा झालाय, पण इथे तो हमखास टक्के म्हणून वाचला जातो. आयक्यू ८५ चं पर्सेंटाइल १६ असतं. म्हणजे त्याला १६ टक्के मार्क पडलेले नाहीत, त्या वयाच्या शंभर मुलांत साधारण १६ जण त्याच्या मागे आहेत. १०० ला ५०, ११५ ला ८४, १३० ला ९८.

त्यापुढे एक पट्टा लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ९३ ते १०५. रिपोर्टमधली ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे आणि सगळ्यात कमी वाचली जाणारीही. कुठल्याही मोजमापात चूक असते, आणि चांगल्या चाचणीतही एकूण गुणांत पाच-सहा इकडेतिकडे धरावे लागतात. म्हणून ९९ आणि १०३ यांची तुलना करू नये. ६९ आणि ७१ मध्येही खरा फरक नसतो, फक्त कागदावरचा वर्ग बदलतो. पट्टा दिलेला नसेल तर मागून घ्या.

आता येऊ ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या निर्देशांकांकडे, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांच्या स्वतंत्र गुणांकडे. विस्कच्या चौथ्या आवृत्तीत ते चार असतात, पाचव्यात पाच. निफाडच्या मुलाचे असे होते: शब्द आणि भाषेची समज १०६, डोळ्यांनी पाहून तर्क लावणं ११७, वर्किंग मेमरी ८३, प्रोसेसिंग स्पीड ८०. वर्किंग मेमरी म्हणजे ऐकलेलं डोक्यात धरून त्यावर काम करणं, जसं आकडे ऐकून उलटे म्हणणं. प्रोसेसिंग स्पीड म्हणजे सोपं काम पेन्सिलीने भराभर आणि अचूक करणं.

या चौघांचं मिळून ९९ झालं, पण ९९ असा तो कशातच नव्हता. तर्कात वयाच्या ८७ टक्के मुलांच्या पुढे, वेगात दहातल्या नऊ जणांच्या मागे. निर्देशांकांत वीस-पंचवीसच्या वर फरक असेल तर एकूण आयक्यू मुलाचं वर्णन करत नाही, हे चांगले मानसशास्त्रज्ञ स्वतःहून लिहितात आणि पहिल्या दोन निर्देशांकांवरून वेगळा "सर्वसाधारण क्षमता निर्देशांक" काढून देतात. त्यांनी लिहिलं नसेल तर तुम्ही विचारा. "लिहीत का नाही" याचं उत्तर आता समोर आलं. समजतं सगळं, पण बाईंची लांब सूचना अर्ध्यात सुटते आणि हात मागे राहतो. त्याला आळशी म्हणत होते सगळे, घरीही आणि शाळेतही.

सर्वांत खाली उपचाचण्यांचे बारीक गुण असतात, १ ते १९ मधले. इथे १० हा मध्य. एका आईने आठ गुण पाहून "वीसपैकी आठ, म्हणजे नापास" असं धरलं होतं. आठ हे सरासरीतच येतात. एखाद्या उपचाचणीच्या गुणावर मोठा निष्कर्ष काढू नका, त्या दिवशीच्या एका जांभईनेही तो एक-दोनने हलतो.

आकड्यात काय येत नाही

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांतली मुलं खरड छाटणी एप्रिलमध्ये का आणि गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये का हे सांगतात, पानावर भुरी आहे की डावणी हे लांबून ओळखतात. ही निरीक्षणशक्ती आहे, कारण-परिणामाची समज आहे, आणि कुठल्याही चाचणीत त्याला एकही गुण नाही. चिकाटी, नवं सुचणं, दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, सूर-तालाची जाण, हेही या चाचण्या मोजत नाहीत आणि मोजतो असा त्यांचा दावाही नाही. बिनेने ती चाचणी बनवली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शोधून मदत देता यावी म्हणून. बुद्धी जन्मभर ठरलेलीच असते या समजाला तो स्वतः विरोध करत असे.

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचे गुण फार हलतात. साडेचार वर्षांच्या मुलाचा १३५ आणि त्याच वयाच्या मुलीचा ७८, दोन्ही पेन्सिलीने लिहिल्यासारखे धरा.

गुण ७० च्या खाली आले तरी तेवढ्यावरून बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. रोजचं वागणं, कपडे घालणं, पैसे ओळखणं, रस्ता ओलांडणं, चारचौघांत मिसळणं किती जमतं हेही पाहावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल वापरतात, तीत पालकांची मुलाखत असते. तिथे खरं सांगा. मुलाला तुम्ही भरवत असाल तर "जेवतो" असं सांगू नका, आणि प्रमाणपत्र मिळावं म्हणून त्याला येणाऱ्या गोष्टी लपवूही नका. दोन्हींमध्ये नुकसान मुलाचं होतं.

शाळेत जाताना

पूर्ण रिपोर्ट शाळेत देऊ नका. मानसशास्त्रज्ञांकडून एक पानाचं पत्र मागा, मराठीत असेल तर उत्तम, ज्यात आकडा नसेल पण वर्गात काय करावं ते असेल. निफाडच्या मुलाच्या पत्रात चार गोष्टी होत्या. पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्याऐवजी झेरॉक्स द्या. पेपर अपुरा राहिला तर उरलेले प्रश्न तोंडी विचारून पाहा. बाईंनी पहिल्याच घटक चाचणीत तसं केलं आणि परिसर अभ्यासाची उत्तरं त्याने धडाधड सांगितली.

निर्देशांकांत असा फरक असून वाचन-लेखनातही अडचण असेल तर पुढे अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी लागते. तो वेगळा टप्पा आहे. नुसत्या आयक्यूवरून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी निगडित अध्ययन अक्षमता, सांगता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीची वाट पाहू नका, ही प्रक्रिया माध्यमिकच्या सुरुवातीलाच करून ठेवा.

मुलाला काय सांगायचं

आकडा सांगू नका, जास्त असो वा कमी. १३० ऐकलेली मुलं पुढे अवघड गणित दिसलं की टाळायला लागतात, चुकलो तर तो आकडा खोटा ठरेल या भीतीने. ८० ऐकलेली मुलं प्रयत्न सोडतात. नातेवाइकांना आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नको, तिथून तो मुलापर्यंत पोचतोच.

पण काहीच सांगितलं नाही तर मूल स्वतःच काहीतरी वाईट धरून बसतं. निफाडच्या मुलाला वडिलांनी माझ्यासमोरच सांगितलं, "तुला चित्रातली गंमत लवकर कळते. ऐकलेलं लक्षात ठेवायला आणि लिहायला वेळ लागतो. आळस नाहीये तो. बाईंना सांगितलंय आपण." मुलाने विचारलं, "मग मला शिक्षा नाही होणार?" भाऊंना पुढे बोलताच आलं नाही.

पुन्हा चाचणी कधी

तीच चाचणी वर्षाच्या आत पुन्हा घेऊ नका, प्रश्न आठवत असल्याने गुण वाढतात. पहिल्या वेळी मूल आजारी होतं, भाषा चुकीची होती किंवा वर्तन निरीक्षणातच "निकाल सावधपणे घ्यावा" असं लिहिलंय, तर दुसरी चाचणी निवडून पुन्हा घ्यायला हरकत नाही. एरवी दोन-तीन वर्षांनी, आणि तेव्हाही नवा प्रश्न असेल तरच.

मूळ रिपोर्ट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, झेरॉक्स वेगळी. वर एक कोरा कागद लावा आणि त्यावर चाचणीचं नाव, तारीख, भाषा आणि तुम्ही सुरुवातीला लिहिलेला प्रश्न उतरवून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर किंवा शिक्षक फाइल उघडतील तेव्हा त्यांच्या नजरेला आधी तो कागद पडेल.